विद्येचा विनिमय आणि ऋणाचा प्रश्न

'विनिमय' हा शब्द मुळात बाजारातला. धान्य देऊन मीठ घ्यावे, मीठ देऊन कापड घ्यावे, अशा व्यवहाराला आपण वस्तुविनिमय म्हणतो. त्यात दोन पक्ष असतात, आणि व्यवहार पुरा होताच ते दोघेही एकमेकांच्या देण्यातून मोकळे होतात. अलीकडे हा शब्द विद्यापीठांच्या कारभारात रूढ झाला आहे. विद्यार्थी-विनिमय, अध्यापक-विनिमय, विनिमय करार असे शब्द वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतात. आपल्या बडोद्यातील मराठी कुटुंबांतही कोणाचा नातू एका सत्रासाठी जर्मनीस जातो, तर प्राध्यापिका असलेली कोणाची सून एखाद्या युरोपीय विद्यापीठात आठवडाभर शिकवून येते. घरात पेढे वाटले जातात, आप्तेष्टांत कौतुक होते. ते व्हावेच. परंतु या कौतुकाच्या आड एक नैतिक प्रश्न राहून जातो, आणि त्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. अशा संधीने जो बाहेर जाऊन विद्या घेऊन येतो, तो कोणाचा ऋणी होतो काय? होत असल्यास कोणाचा, आणि ते ऋण त्याने कसे फेडावे?

या प्रश्नाची तीन उत्तरे सामान्यतः ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, ज्याने पैसा दिला त्याचे ऋण. करारात लिहिले असेल तेवढे फेडले की माणूस मोकळा. दुसरे असे की, ऋण मायभूमीचे; परत येणे हीच त्याची फेड. तिसरे असे की, ऋण कोणाचेच नाही. गुणवत्तेने जे मिळविले ते ज्याचे त्याचे. तिन्ही उत्तरांत काही तथ्य आहे, आणि तिन्ही अपुरी आहेत, असे आमचे मत आहे. परंतु या उत्तरांची छाननी करण्यापूर्वी हा विनिमय प्रत्यक्षात चालतो कसा, हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल.

या क्षेत्रातील सर्वांत मोठा प्रयोग युरोपात झाला. १९८७ साली युरोपातील अकरा देशांनी मिळून 'इरॅस्मस' नावाची योजना सुरू केली. पंधराव्या-सोळाव्या शतकांत रॉटरडॅममध्ये जन्मलेला आणि पॅरिस, केंब्रिज, व्हेनिस, बाझेल अशा विद्याकेंद्रांतून हिंडत राहिलेला इरॅस्मस हा पंडित तिच्या नावामागे आहे. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवर सर्व प्रकारचे मिळून दीड कोटीहून अधिक लोकांनी तिचा लाभ घेतला आहे. तिची रचना साधी आहे. विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचा विद्यार्थीच राहतो. तो काही महिन्यांसाठी दुसऱ्या देशातील विद्यापीठात जातो, ते विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षण-शुल्क घेत नाही, आणि तेथे केलेला अभ्यास मायदेशी पदवीत धरला जातो. अध्यापकांसाठीही तशीच सोय आहे. आठवडाभरासाठी गेलेल्या अध्यापकाने किमान आठ तास शिकविले पाहिजे, असा दंडक आहे. म्हणजे पाहुण्यानेही काही द्यावयाचे आहे.

शुल्क न घेण्याचे हे औदार्य कशाच्या बळावर टिकते? जागेच्या बदल्यात जागा, या हिशेबावर. आमचे चार तुमच्याकडे आले, तर तुमचे चार आमच्याकडे यावेत. दोन विद्यापीठांमधील करार बहुधा याच पायावर उभे असतात. एका बाजूने नुसते जाणेच होत राहिले, तर असा करार कागदावरच सुकतो.

जाणे आणि विनिमय यांतील फरक इंग्लंडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने इरॅस्मस योजना सोडली आणि २०२१ पासून 'ट्यूरिंग' नावाची स्वतःची योजना काढली. तिच्यात ब्रिटिश विद्यार्थ्यांना बाहेर पाठविण्यास पैसा होता. बाहेरच्यांना आपल्याकडे आणण्यास नव्हता. याउलट त्याच देशातील वेल्स प्रांताने काढलेल्या निराळ्या योजनेत येणाऱ्यांचाही विचार केलेला होता. २०२५ च्या अखेरीस ब्रिटनने २०२७ पासून इरॅस्मसमध्ये पुन्हा सहभागी होण्याचे जाहीर केले. आपली मुले बाहेर पाठविणे ही सोय झाली. दुसऱ्याची मुले आपल्या अंगणात आणणे हे विनिमयाचे दुसरे अंग होय, आणि त्याविना पहिले लंगडे राहते.

आपल्या देशाचे चित्र या दृष्टीने पाहावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ साली परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तेरा लाखांहून अधिक होती. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार भारतात शिकावयास आलेले परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८. बाहेर गेलेल्यांपैकी बहुतेक जण स्वखर्चाने पूर्ण पदवीसाठी गेलेले आहेत, विनिमयाने गेलेले त्यांत थोडे, हे मान्य. तरीही हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की व्यवहार कोणत्या दिशेने वाहतो ते समजते. २०१५ साली केंद्र सरकारने परदेशी अध्यापकांना अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांसाठी येथे आणण्याची 'ज्ञान' नावाची योजना आखली, २०१८ साली संयुक्त संशोधनासाठी 'स्पार्क' आली. पाऊल योग्य दिशेने पडले आहे, परंतु वाट लांबची आहे.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. ज्याने पैसा दिला त्याचे ऋण, आणि बंधपत्राची मुदत भरली की माणूस मोकळा. आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. त्यामुळे या उत्तराचा परिचय आम्हांस जवळून आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. संपूर्ण सेवेत साधारणतः चोवीस महिने अशी रजा मिळते, आणि जाण्यापूर्वी बंधपत्र लिहून द्यावे लागते की परतल्यावर तीन वर्षे सेवा करीन, न केल्यास रक्कम व्याजासह भरीन. राज्यांचे नियमही थोड्याफार फरकाने असेच असतात.

अशा दोन फाईली आमच्या स्मरणात आहेत. पहिली एका महाविद्यालयातील अधिव्याख्यात्याची. ते परदेशी गेले, रजा वाढवून घेत राहिले आणि अखेर परतले नाहीत. वसुली निघाली ती त्यांच्या दोन जामिनांवर. दोघेही त्याच महाविद्यालयातील, बेताच्या पगाराचे सहकारी. त्यांच्या वेतनातून दरमहा कपात होत राहिली. दुसरी फाईल अशा गृहस्थांची की जे मुदतीत परतले, तीन वर्षांच्या सेवेचा एकेक दिवस त्यांनी भरला, आणि फाईलवर 'पूर्तता झाली' असा शेरा पडला. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांकडून पुढे समजले ते असे की, परदेशी जाण्यापूर्वी ज्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून ते शिकवीत, त्याच टिपणांवरून परतल्यावरही शिकवीत राहिले. तेथे काय पाहिले, काय वाचले, याचा एक शब्दही वर्गात कधी निघाला नाही.

या दोघांत ऋण कोणी बुडविले? पहिल्याने बुडविले यात शंका नाही, आणि त्याचा भार निरपराध माणसांच्या घरखर्चावर पडला. परंतु दुसऱ्याने ते फेडले असे म्हणावयास आमचे मन धजत नाही. नियमांच्या भाषेत तो निर्दोष आहे. दोष नियमांचाही नाही. नियमाला हजेरी मोजता येते, आणि जे मोजता येते तेवढेच त्याने मागावे हे योग्य. मात्र आपल्या भाषेने येथे एक सूक्ष्म भेद राखून ठेवला आहे. कर्ज आणि ऋण हे दोन शब्द आपण वेगळे वापरतो. कर्जाला रक्कम असते, मुदत असते, आणि फिटले की त्याची पावती मिळते. ऋणाला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच 'मी आपल्या ऋणात आहे' असे आपण आदराने म्हणतो, 'आपल्या कर्जात आहे' असे कोणी आदराने म्हणत नाही. बंधपत्र कर्जाची व्यवस्था लावते. ऋणाचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.

दुसरे उत्तर परतण्याचे. विद्या घ्यावी आणि मायभूमीस परतावे. हे उत्तर भावनेला रुचते, आणि विनिमयाच्या काही योजनांनी ते नियमांतही गोवलेले आहे. अमेरिकेत १९४६ साली सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यानुसार जी शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचा भारताशी करार १९५० साली झाला; २००८ पासून दोन्ही सरकारे तिचा खर्च समान भागीदार म्हणून उचलतात आणि तिच्या नावात नेहरूंचेही नाव आले. या शिष्यवृत्तीवर गेलेल्यास अमेरिकेत स्थायिक होण्याचा परवाना मागण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. तुम्हास येथे ठेवून घेण्यासाठी बोलाविलेले नाही, तर दोन देशांत जा-ये राहावी म्हणून बोलाविले आहे, हा त्यामागील आशय.

परंतु परतणे हेच ऋणफेडीचे माप मानावयाचे असेल, तर आपण मराठी बडोदेकरांनी आधी स्वतःकडे पाहावे लागेल. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर जे शिलेदार, कारकून, भिक्षुक आणि कारागीर साताऱ्याकडून, पुण्याकडून, कोकणातून या प्रांती आले, त्यांतील किती जण परतले? आपण त्यांचेच वंशज. आपल्या कुलदैवताचे स्थान तिकडे, वाडा इकडे. देवघरात आरती मराठी, बाजारात बोलणे गुजराती. आपले पूर्वज परतले नाहीत म्हणून त्यांनी मातृभूमीचे देणे बुडविले, असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. ते जेथे गेले तेथे राबले, तेथे शाळा, ग्रंथालये आणि नाट्यगृहे उभी राहिली, आणि मूळ भूमीशी भाषेचा धागा त्यांनी राखला. तेव्हा परत न येणाऱ्या प्रत्येक नातवाला कृतघ्न ठरविण्याचा अधिकार निदान आपणांस नाही. जागा बदलली म्हणून ऋण बुडत नाही, आणि जागेवर परत आल्याने ते आपोआप फिटतही नाही. वरील दुसरी फाईल हेच सांगते.

तिसरे उत्तर गुणवत्तेचे, आणि ते तरुणांच्या तोंडी अधिक ऐकू येते. परीक्षा आम्ही दिली, अर्ज आम्ही लिहिला, निवड आमची झाली. मग ऋण कसले? या म्हणण्याची थट्टा करू नये. त्यामागे खरे कष्ट असतात, आणि वडीलधाऱ्यांनी ऊठसूट उपकारांची आठवण करून देणे ही देखील एक प्रकारची वसुलीच आहे. परंतु शांतपणे विचार करता असे दिसेल की, विनिमयाची जागा ही कमाईपेक्षा वाट्याला आलेली गोष्ट अधिक आहे. शुल्क माफ असले तरी विमानभाडे, विमा, व्हिसाचा खर्च आणि तेथील राहण्याजेवण्याचा भार विद्यार्थ्यालाच बहुधा उचलावा लागतो. ज्याच्या घरी तेवढी पुंजी नाही, तो तितकाच हुशार असूनही अर्जच करीत नाही. निवड समितीपुढे जे नाव येतच नाही, त्याच्याशी स्पर्धा झालीच कोठे? अध्यापकाचेही तसेच. तो महिनाभर परदेशी व्याख्याने देत असता त्याच्या वाट्याचे तास येथे कोणीतरी सहकारी घेत असतो, आणि त्या सहकाऱ्याचे नाव विनिमयाच्या अहवालात छापले जात नाही. जो गेला त्याच्यामागे न गेलेल्यांची एक रांग उभी असते. ऋण आहे ते प्रथम या रांगेचे.

आणि येथेच आपल्या परंपरेतील एक जुना विचार उपयोगी पडतो. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने, आणि ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. या मांडणीतील मर्म पाहण्यासारखे आहे. पित्याचे ऋण पित्याला परत करावयाचे नाही. पुढच्या पिढीला द्यावयाचे आहे. ऋषींचे ऋण ऋषींना फेडावयाचे नाही. विद्या आत्मसात करून ती पुढे चालू ठेवावयाची आहे. ज्याच्याकडून घेतले त्याला परत, हा बाजारातला विनिमय झाला. विद्येचा विनिमय एकाकडून घेऊन तिसऱ्याला देण्याने पुरा होतो. मात्र त्या वचनात ही ऋणे ब्राह्मणाच्या जन्माला जोडलेली आहेत, हेही सांगितले पाहिजे. विद्येचे ऋण एका वर्णापुरते मानणाऱ्या समाजाने त्या ऋणाचा अर्थच आकसून टाकला होता. त्याचा पडताळा पुढे आपल्याच शहरात आला. त्याकडे आम्ही येतोच.

तत्पूर्वी या व्यापक अर्थाने ऋण फेडणाऱ्या एका प्रवाशाचे स्मरण करणे उचित होईल. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू राजाची परवानगी नसताना देशाबाहेर पडला आणि भारतात आला. नालंदेस शीलभद्रांच्या चरणांशी तो शिकला, आणि पुढे तेथेच त्याने इतरांना शिकविलेही. महाराष्ट्रात तो चालुक्य पुलकेशीच्या काळी आला, आणि आपल्या गुजरातेतील भडोच व वलभी येथेही गेला. महाराष्ट्रातील लोकांविषयी त्याने नोंदविले आहे की, ते उपकारकर्त्याशी कृतज्ञ आणि वैऱ्याशी कठोर असतात. ६४५ साली तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्यासोबत ६५७ ग्रंथ होते. उरलेले सुमारे एकोणीस वर्षांचे आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात घालविले.

त्याच्या चरित्रातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना काही ग्रंथ पाण्यात गेले होते. पुढे काही वर्षांनी भारतातील विद्वानांची आणि त्याची पत्रापत्री झाली, तेव्हा त्याने त्या हरवलेल्या ग्रंथांची यादी पाठवून त्यांच्या प्रती मागितल्या. म्हणजे तो परतला तरी व्यवहार संपला नव्हता. नालंदेने त्याच्याकडून कोणतेही बंधपत्र लिहून घेतले नव्हते. नालंदेचे जे देणे होते ते त्याने चिनी वाचकांना दिले; आणि पुढे नालंदा भग्न झाली, तिच्या ग्रंथांतील अनेकांची मूळ संस्कृत पोथी आपल्याकडे उरली नाही, तेव्हा त्याच चिनी भाषांतरांतून ती विद्या जगाला पाहावयास मिळाली. ऋण फिटते ते असे, आणि धनकोला त्याचा पत्ताही नसतो.

आता आपल्या शहराकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अनेक होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी पाठविले. ४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाने बडोदे संस्थानाशी करार केला: अमेरिकेत उच्च शिक्षण घ्यावे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे एम.ए. झाले, पुढील संशोधन केले, तेथून लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपताच अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतले व करारानुसार बडोद्यास नोकरीसाठी आले.

पुढील हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले. तीच आपली सयाजीबाग, जेथे आज आपण सकाळी फिरावयास जातो. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरून गेले होते. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ते त्यांना आठवले.

करार दहा वर्षांचा होता. तो कोणी मोडला? कागदावर पाहाल तर आंबेडकरांनी. परंतु ज्याने करार पाळण्यासाठी शिक्षण अर्धे सोडले, त्याला छप्पर देण्याचे कलम कोणी लिहिले नव्हते, आणि तेच कलम मूळ होते. विद्यार्थ्याने परत यावे असे म्हणणाऱ्याने, परत येणाऱ्याला राहता येईल असे घर ठेवले पाहिजे. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता. शहर तेवढे उदार नव्हते. आणि ऋणाविषयी बोलावयाचे तर, आंबेडकरांनी ते बडोद्याच्या कचेरीत फेडले नाही. त्याहून फार मोठ्या हिशेबाने फेडले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, स्वतःच्या बचतीवर आणि राजर्षी शाहू महाराज व मित्र यांच्या साहाय्याने पुन्हा लंडनला जाऊन अभ्यास पुरा केला, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. जी रांग मागे उभी होती, तिच्यासाठी त्यांनी दार उघडले. बडोद्याने दिलेले बडोद्याला परत मिळाले नाही, देशाला मिळाले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्त्यांतील ही सर्वांत सार्थ ठरली, असेच कोणीही म्हणेल.

याच महाराजांनी विनिमयाची दुसरी बाजूही सांभाळली होती, आणि ती आपण कमी सांगतो. १९०६ साली अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले. तो तीन वर्षे राहिला. त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, १९११ साली येथील लोकांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला, आणि १९१२ साली निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांना जागा मिळाली. तो गेला, ग्रंथालये राहिली, आणि खेड्यापाड्यांत पसरली. शंभर तरुण बाहेर पाठवून जे साधले नसते, ते एक शिक्षक आत आणून साधले. मात्र असा पाहुणा येण्यासाठी यजमानाला आधी हे कबूल करावे लागते की, आपल्याला शिकण्यासारखे काही आहे, आणि येणाऱ्याला आपले घर मोकळे आहे.

हे घर आज मोकळे आहे काय? मार्च २०२४ मध्ये अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर, ते नमाज पढत असताना, जमावाने हल्ला केला. विद्यार्थी जखमी झाले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. ते आपल्या राज्याचे पाहुणे होते. १९१७ आणि २०२४ यांत शतकाहून अधिक अंतर आहे, आणि दोन्ही प्रसंगी दारात आलेली गोष्ट एकच आहे. जमावाचे सोडा; आपल्या सुशिक्षित आळ्यांतही परगावच्या वा परदेशी विद्यार्थ्यास खोली भाड्याने देताना आपण कोणकोणते प्रश्न विचारतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवून पाहावे. आपला नातू परक्या शहरात खोली शोधत असतो, तेव्हा तेथील घरमालकिणीने त्याचे आडनाव, आहार आणि धर्म न विचारता त्याला किल्ली द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा कोणी आपल्याकडून केली तर? विनिमय या शब्दाचा नैतिक अर्थ यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा सारा भार एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. चार महिने परदेशी राहून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाने समाजाचे ऋण फेडावे म्हणजे काय करावे? शंका रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, ऋण हे त्याच्या एकट्याचे नाही. त्याला पाठविणारे विद्यापीठ, त्याच्या खर्चाला हातभार लावणारे घर आणि त्याच्या परतण्याची वाट पाहणारा समाज, या तिघांचाही त्यात वाटा आहे. विद्यापीठाने पाहावे की ज्याच्या घरी भाड्याचे पैसे नाहीत त्याचेही नाव यादीत येईल, आणि परतलेल्या अध्यापकाला नवे शिकविण्यास मोकळीक राहील. नाहीतर पिवळी टिपणे पुन्हा बाहेर निघतात, आणि त्यास केवळ अध्यापकच जबाबदार असतो असे नव्हे. आमच्या दुसऱ्या फाईलमधील गृहस्थांना परतल्यावर 'तेथे काय शिकलात?' असे कोणी विचारले होते काय, याची नोंद फाईलमध्ये नव्हती. असा प्रश्न विचारण्याचा रकानाच नव्हता.

हा रकाना आपल्यासारख्या संस्था भरू शकतात. आपल्या मंडळाच्या सभागृहात वर्षाला कितीतरी व्याख्याने होतात. परदेशी जाऊन आलेल्या आपल्याच घरांतील विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना बोलावून, त्यांनी तेथे काय पाहिले, तेथील ग्रंथालय कसे चालते, तेथील शिक्षक प्रश्न कसे विचारतात, हे मराठीतून सांगावयास लावावे. मराठीतून सांगताना त्यांना ते पुन्हा एकदा समजेल, आणि न गेलेल्या दहांना त्यातून काही मिळेल. दुसरे असे की, आपल्या मोठ्या, आता निम्म्या रिकाम्या झालेल्या वाड्यांपैकी काहींत बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला एक खोली आणि सणाच्या दिवशी एक पान मिळावे. याला मोठा निधी लागत नाही.

बाजारातल्या विनिमयात दोघेही मोकळे होतात, असे आम्ही आरंभी म्हटले. विद्येच्या विनिमयात कोणीच मोकळे होत नाही. देणारा नाही, घेणारा नाही, आणि ज्याने आपल्या वाट्याचे तास घेऊन दुसऱ्याला जाऊ दिले तोही नाही. कर्जाप्रमाणे हे देणे मिटत नाही, ही त्याची उणीव नव्हे. मिटत नाही म्हणूनच विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. आपला नातू विमानतळावरून हात हलवून आत जाईल तेव्हा त्याला बंधपत्रातील कलमांची आठवण देऊ नये. फक्त एवढे सांगावे की, तुझ्या जागेवर जाऊ शकला असता असा कोणीतरी येथे आहे; तेथे जे मिळेल त्यातील काही त्याच्यासाठी बाजूला काढून ठेव. आणि तो परतो वा न परतो, तोपर्यंत आपल्या दारात उभा राहिलेल्या दुसऱ्या कोणाच्या नातवाला खोली दाखवावी.